वडिलांच्या नावचं कृषी सेवा केंद्र मुलाच्या नावावर: परवाने, जीएसटी, उधारी. सुरुवात कुठून करायची?

काळी_माती

जाणकारांचं मार्गदर्शन हवं आहे. तालुक्याच्या गावी वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे, एकल मालकीचं. बियाणे, खते, कीटकनाशके हे तिन्ही परवाने वडिलांच्या नावावर, जीएसटी क्रमांकही त्यांच्याच पॅनवर. वडिलांचं वय ६८. पुढच्या खरिपाच्या आत सगळं माझ्या नावावर व्हावं, असं घरात ठरलं आहे.

मी बी.कॉम., दुकान मीच बघतो. बायको बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे. एक बहीण, लग्न झालेली. इमारत वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली, मागचं गोदाम भाड्याचं.

ढोबळ हिशेब असा: माल ३५ लाख, शेतकऱ्यांकडे उधारी २८ लाख, कंपन्यांचं देणं २० लाख, बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) उचललेली १८ लाख (इमारत तारण).

करसल्लागार म्हणतात, "१ एप्रिलपासून नवा जीएसटी नंबर काढू, सगळा माल वडिलांच्या बिलाने तुमच्याकडे घेऊ, झालं." कृषी विभागातले ओळखीचे म्हणतात, परवाना बायकोच्या नावाने काढा, सोपं पडेल. दोन्हींवर मत सांगा. भागीदारी करावी का, तेही सांगा.

---

निविष्ठा_घाऊक

तुमच्या करसल्लागारांनी गाडीच्या पुढे बैल जोडायच्या ऐवजी बैलापुढे गाडी जोडली आहे. या धंद्यात हस्तांतराची तारीख परवाना ठरवतो, जीएसटी नाही. परवाना हातात नसताना नव्या नावाने खताची एक गोणी जरी विकली तरी ती विनापरवाना विक्री. मग कर कितीही चोख भरा.

पहिली गोष्ट. हे तिन्ही परवाने "नावावर करून" मिळत नाहीत. मालक बदलला की नवा अर्ज. वडिलांचा परवाना जुना असल्याने पात्रतेची जी मुभा त्यांना आहे ती त्यांच्यापुरतीच, तुम्हाला वारसाहक्काने मिळत नाही. बी.कॉम. पदवी इथे कामाची नाही.

कीटकनाशकाच्या नियमात अर्जदाराकडे स्वतःकडे किंवा त्याने नोकरीवर ठेवलेल्या माणसाकडे पात्रता असली तरी चालते: कृषी पदवी, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी., किंवा कृषी विषयातली एक वर्षाची मान्यताप्राप्त पदविका. म्हणजे परवाना तुमच्या नावाने आणि पात्र व्यक्ती म्हणून तुमच्या पत्नी, असं बसवता येतं. नेमणूकपत्र, पदवीची प्रत आणि पगार बँकेतून, एवढं खरंखुरं असू द्या. नाव भाड्याने घेतलेले "कागदी पदवीधर" तपासणीत पहिल्या प्रश्नाला उघडे पडतात. तुमच्याकडे ती अडचण नाही.

खताला मात्र पात्रता स्वतःकडे असलेली बरी. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्र किंवा कृषी विद्यापीठातून एकात्मिक अन्नद्रव्य व्यवस्थापनाचा १५ दिवसांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. तुकडी भरली की मगच सुरू होते, त्यामुळे आज नाव नोंदवलं तर कधी लागेल ते सांगता येत नाही. सगळ्या कामात हेच सर्वात आधी करायचं. कृषी निविष्ठा विक्रेत्यांची वर्षभराची देसी पदविका केलीत तर दोन्हीकडे उपयोग होतो, पण तुमच्या हातात तेवढा वेळ नाही.

दुसरी गोष्ट, आणि इथेच सगळे अडकतात: उगमपत्रं, म्हणजे या दुकानाला आमचा माल विकायला देतो असं कंपनीचं पत्र. खताचं "ओ फॉर्म" आणि कीटकनाशकाचं प्रिन्सिपल सर्टिफिकेट कंपनीकडून तुमच्या नव्या नावाने आलं पाहिजे आणि ते परवान्यात समाविष्ट झालं पाहिजे. वडिलांच्या परवान्यात समजा बावीस कंपन्या आहेत आणि तुमच्या नव्या परवान्यात पंधराच चढल्या, तर उरलेल्या सात कंपन्यांचा माल दुकानात सापडला की विक्री बंद आदेश. बिल आहे, कर भरलाय, माल अस्सल आहे, हे काही उपयोगाचं नाही. म्हणून मालाची यादी कंपनीवार काढा आणि ज्यांचं पत्र वेळेत येणार नाही त्यांचा माल वडिलांच्या काळातच विकून किंवा परत करून मोकळे व्हा.

गोदामाचं भाडेपत्र नव्या नावाने लागेल आणि गोदामाचा पत्ता प्रत्येक परवान्यात यायला हवा. दुकानाचा चढतो, मागच्या गोदामाचा राहून जातो.

आता बिलाने माल घ्यायची गोष्ट. वडिलांचा खत परवाना किरकोळ विक्रीचा असणार. किरकोळवाला शेतकऱ्याला विकतो, दुसऱ्या विक्रेत्याला नाही, त्यासाठी घाऊकचा परवाना लागतो. त्यांनी तुम्हाला चारशे गोण्यांचं बिल फाडलं की तो कागदच त्यांच्याविरुद्ध पुरावा. शिवाय अनुदानित खत पॉस मशीनवर (शेतकऱ्याचा अंगठा घेऊन विक्री नोंदवणारं यंत्र) वडिलांच्या आयडीला आहे, बिल फाडल्याने ते तुमच्या आयडीवर येत नाही. पॉसबद्दल नंतर सविस्तर लिहितो.

---

खातेवही

परवान्याचं वर आलं आहे, कराचं मी सांगतो. आयकराच्या कलमांचे आकडे मुद्दाम देत नाही, १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने जुने आकडे बदलले आहेत. तत्त्व तेच आहे.

धंदा जसाच्या तसा, म्हणजे माल, येणं, देणं, फर्निचर, नाव, सगळं मिळून मुलाला बक्षीस द्यायचा. बापाने मुलाला दिलेलं बक्षीस मुलाच्या हाती करपात्र नाही आणि बापालाही भांडवली नफा लागत नाही. यासाठी बक्षीसपत्र करा. जंगम वस्तूंना ताबा दिला तरी कायद्याने पुरतं, पण बँक, कंपनी आणि जीएसटी कार्यालय तिघेही कागद मागतात.

त्या कागदात एक वाक्य विसरू नका: सर्व देणी व दायित्वांसह. जीएसटी कायद्याच्या कलम १८(३) नुसार शिल्लक क्रेडिट (खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीची वजावट) तुमच्याकडे वळायला दायित्वं हस्तांतरित झाल्याची स्पष्ट तरतूद लागते. नुसतं "माझा व्यवसाय मुलास बक्षीस दिला" एवढंच लिहिलं तर क्रेडिट अडकू शकतं.

क्रम असा ठेवा. तुम्ही आरईजी-०१ (जीएसटी नोंदणीचा अर्ज) भरताना कारण "व्यवसाय हस्तांतरण" द्या. उलाढालीची मर्यादा इथे बघायची नसते, चालता धंदा घेतला की हस्तांतराच्या तारखेपासून नोंदणी बंधनकारक. एकाच पत्त्यावर दोन नंबर दिसले की अधिकारी शंका काढतो, म्हणून बक्षीसपत्राचा मसुदा आणि वडिलांचं संमतिपत्र अर्जासोबतच जोडा. तुमचा नंबर आला की वडिलांच्या लॉगिनमधून आयटीसी-०२ (क्रेडिट वळवायचा फॉर्म), सोबत सनदी लेखापाल किंवा परिव्यय लेखापालाचं प्रमाणपत्र. मग तुमच्या लॉगिनमधून ते स्वीकारा. स्वीकारायचं राहिलं की क्रेडिट अधांतरी. त्यानंतरच वडिलांचा नंबर रद्द करायचा आरईजी-१६. हा क्रम उलटा झाला, म्हणजे नंबर आधी रद्द केला, तर शिल्लक मालावरचं क्रेडिट वडिलांना उलटवून भरावं लागतं. कीटकनाशकांवर १८ टक्के आहे, दहा लाखांच्या औषधांवर थेट १ लाख ८० हजार.

चालत्या धंद्याच्या हस्तांतरावर जीएसटी शून्य आहे, त्यामुळे मालाचं वेगळं बिल फाडायची गरजच नाही. खत परवान्याचा प्रश्नही त्यामुळे निदान कराच्या बाजूने उभा राहत नाही.

रोख खतावणीतली शिल्लक (कॅश लेजर) आयटीसी-०२ ने वळत नाही. ती वडिलांनी परतावा म्हणून मागायची किंवा शेवटच्या विवरणात संपवायची. रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० (नंबर बंद झाल्यानंतरचं अंतिम विवरण) भरायचं असतं. ते हमखास विसरतं आणि दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क चढतं. आणि कलम ८५ लक्षात असू द्या: हस्तांतरापूर्वीच्या काळातला कर निघाला तर तो भरायची जबाबदारी वडील आणि तुम्ही दोघांची. म्हणून आधीच्या वर्षांच्या नोटिसा वडिलांच्या लॉगिनमध्ये स्वतः बघा, सल्लागाराने "काही नाही" म्हटलं तरी.

आता बायकोच्या नावाचं. धंदा सुनेला बक्षीस दिला तर त्या बक्षिसावर कर नाही, पण सासऱ्याने दिलेल्या भांडवलाच्या प्रमाणातला नफा सासऱ्याच्याच उत्पन्नात मिळवला जातो. परवाना सुनेचा, राबणारा मुलगा, कर वडिलांना, असला त्रांगडा कशाला? तिला पात्र व्यक्ती म्हणून पगार द्या. एरवी नवऱ्याच्या धंद्यातून बायकोला दिलेला पगार नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवतात, पण तांत्रिक पात्रतेमुळे मिळालेला पगार त्यातून सुटतो. बी.एस्सी. अ‍ॅग्रीला कीटकनाशक विक्रीसाठी पगार, याहून चपखल उदाहरण नाही.

इमारत बक्षीसपत्रात घालू नका. राहतं घर किंवा शेतजमीन मुलाला दिली तर मुद्रांक नाममात्र असतो, दुकानाच्या गाळ्याला ती सवलत नाही. तिथे मुलासाठी ३ टक्के आणि वर स्थानिक अधिभार. इमारत वडिलांच्या नावे राहू द्या, तुम्ही भाडेकरार करा. एक मेख आहे: वडिलांचा जीएसटी नंबर रद्द झाला की ते बिगरनोंदणीकृत घरमालक होतात, आणि १० ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी भाड्यावरचे १८ टक्के भाडेकरूने म्हणजे तुम्ही उलट आकारणीने रोखीत भरायचे आहेत. क्रेडिट मिळतं, पण बियाणं करमुक्त असल्याने तेवढ्या प्रमाणात उलटवावं लागतं. गोदामाचा मालक बिगरनोंदणीकृत असेल तर तिथेही हेच.

---

चावडीवरचा

वरचं सगळं मान्य, पण मी असतो तर भागीदारी केली असती. एकदा फर्मच्या नावाने परवाने, जीएसटी, बँक झालं की पुढच्या पिढीला ही उठाठेव नाही, भागीदार आत-बाहेर होत राहतात आणि पॅन तोच राहतो.

---

खातेवही

@चावडीवरचा, तत्त्वतः बरोबर. दोन अटी मात्र पाळा. बाप-लेक अशी दोघांची फर्म केली आणि वडील गेले तर एकच माणूस उरतो आणि फर्म आपोआप संपते, करारात काहीही लिहिलेलं असो. म्हणून निदान तिघे हवेत, आईला किंवा पत्नीला घ्या. आणि "भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होणार नाही" हे कलम करारात लिहा, नसेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ४२ लागू होतं. फर्मची निबंधकाकडे नोंदणीही करा. बिननोंदणीची फर्म उधारीसाठी कोर्टात दावा लावू शकत नाही, आणि तुमच्या धंद्यात उधारीच तर आहे.

तोट्याची बाजू: फर्मला पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर. भागीदारांच्या मेहनतान्याची वजावट मिळते, पण तो २० हजारांच्या वर गेला की १ एप्रिल २०२५ पासून त्यावर १० टक्के टीडीएस कापावा लागतो. भागीदारीत इमारत भांडवल म्हणून आणू नका, त्यावर वडिलांना भांडवली नफा लागतो. पुढची पिढी दुकानात येणार हे ठरलेलं नसेल तर मला एकल मालकी बरी वाटते.

---

काळी_माती

खूप उपयोगी. एकल मालकीच करतो. आणखी दोन शंका. बहिणीची सही लागेल का? आणि तिला काही द्यायचं तर धंद्याची किंमत काय धरायची? घरात सगळे म्हणतात धंदा साठ लाखांचा आहे.

---

वसुली_खाते

साठ लाख हा आकडा ढोबळमानाने माल अधिक उधारी एवढाच आहे. देणं कुणी वजा केलं नाही.

उधारी आधी वयाने फोडा. समजा २८ लाखांतली १६ लाख गेल्या वर्षभरातली, ७ लाख एक ते तीन वर्षांची आणि ५ लाख त्याहून जुनी. वर्षाच्या आतली पूर्ण धरा, मधली निम्मी, तीन वर्षांपलीकडची शून्य. ती मुदतीत बाद झाली, दावाही लावता येत नाही. झाले साडेएकोणीस लाख. मालातून मुदत संपत आलेली औषधं आणि जुनं बियाणं मिळून समजा २ लाख वजा, उरले ३३. एकूण साडेबावन्न. यातून कंपन्यांचे २० आणि सीसीचे १८ काढा. हाती राहतात साडेचौदा लाख. तुमच्या वहीत वयाचे आकडे वेगळे निघतील, रीत हीच. चालू दुकानाचं नाव आणि एजन्सी यांना वर काही धरायचं तर धरा, पण साठचा आकडा डोक्यातून काढा. बहिणीलाही हा कागद दाखवा. खरा वाटा इमारतीत आहे, धंद्यात नाही.

सही: वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता ते हयातीत कुणालाही देऊ शकतात, बहिणीची सही कायद्याने लागत नाही. मात्र धंद्याचं मूळ भांडवल आजोबांच्या एकत्र कुटुंबाच्या शेतीतून आलं असेल तर ते वडिलांचं एकट्याचं नव्हे, असा दावा होऊ शकतो. मुलगी जन्मानेच सहदायाद (एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतली हिस्सेदार) असते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा प्रकरणात पक्कं केलं आहे. त्यामुळे सही लागत नसली तरी बक्षीसपत्रावर तिला साक्षीदार म्हणून नव्हे, संमती देणारी म्हणून घ्या. आणि इमारतीबद्दल वडिलांचं मृत्युपत्र त्याच आठवड्यात, दोन साक्षीदारांसह. बँक खात्यावर नॉमिनी लावलं म्हणजे वाटणी झाली असं होत नाही.

मृत्युपत्र न करता वडील गेले तर आई, बहीण, तुम्ही, सगळे सारखे वारस. तेव्हा तिने आपला वाटा बाहेर विकायचं ठरवलं तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ नुसार तो आधी विकत घ्यायचा हक्क तुम्हाला आहे, धंद्यातल्या वाट्यालाही तो लागू होतो. पण तेव्हा किमतीवर एकमत झालं नाही तर ती कोर्ट ठरवेल.

उधारीचं काम वडिलांच्या हयातीतच उरका, खरं तर सोयाबीन बाजारात येतं तेव्हा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसा असतो आणि समोर वडील बसलेले असतात. प्रत्येक खात्याची बाकी काढून "आजअखेर रु. ___ येणे बाकी मान्य" यावर तारीख टाकून सही घ्या. मुदत संपायच्या आत घेतलेल्या अशा सहीने तीन वर्षं पुन्हा नव्याने सुरू होतात. मुदत संपल्यावर घेतलीत तर त्याचा उपयोग नाही. बक्षीसपत्राला उधारीची नावनिशीवार यादी जोडा, येणं हस्तांतरित करायला लेखी कागद लागतोच. शेतकऱ्यांना दोन ओळींची सूचना द्या आणि १ एप्रिलपासून पावतीपुस्तक नवं. जुन्या पुस्तकावर एक जरी पावती गेली की "मी म्हाताऱ्याकडे दिले होते" हे सुरू.

बँकेला आधी सांगा, नंतर नाही. माल बँकेकडे गहाण आहे, ना-हरकत पत्राशिवाय तो बक्षीस देता येत नाही. सीसी तुमच्या नावे नव्याने मंजूर होईल, वडील जामीनदार आणि इमारत तारण. मंजुरीला वेळ लागतो, तो खरीप बुकिंगच्या तोंडावर लागला की कंपनीकडे रोखीची स्कीम हुकते.

कंपन्यांकडे वडिलांचे सही केलेले कोरे धनादेश असतात. ते परत घेतल्याशिवाय त्यांचं चालू खातं बंद करू नका. खातं बंद असताना तो धनादेश कुणी भरला तर धनादेश न वटल्याचा, कलम १३८ चा खटला वडिलांवरच. प्रत्येक कंपनीकडून हिशेब जुळल्याचं पत्र, धनादेश परत केल्याचं पत्र आणि नव्या खात्याला अनामत वर्ग केल्याचं पत्र, ही तिन्ही लागतात. विक्री प्रतिनिधी तोंडी "होऊन जाईल" म्हणतो. तो पुढच्या हंगामात बदलून गेलेला असतो.

---

निविष्ठा_घाऊक

पॉसचं राहिलं होतं.

अनुदानित खताचा साठा मशीनवर वडिलांच्या आयडीला, त्यांच्या आधारच्या अंगठ्यावर चालतो. तुम्हाला नवा आयडी मिळेल, तो शून्यापासून सुरू होईल. त्यामुळे बदलाच्या दिवशी जुन्या आयडीवर शून्य असणं हेच ध्येय. जानेवारीतच मशीनवरचा साठा आणि गोदामातल्या गोण्या मोजून जुळवा. बहुतेक दुकानांत मशीनवर जास्त आणि प्रत्यक्षात कमी असतं, कारण गर्दीच्या दिवशी गोणी जाते आणि अंगठा नंतर घ्यायचा राहतो. युरियाच्या ४५ किलोच्या साठ गोण्या मशीनवर जास्त दिसल्या तर त्या कुणाला गेल्या, याचं उत्तर परवाना परत करताना द्यावं लागेल. तो फरक कुणाचे तरी अंगठे घेऊन "जिरवायचा" सल्ला मिळेल, तो ऐकू नका. एकाच आधारवर एकाच महिन्यात ढीगभर गोण्या दिसल्या की तीच नावं पहिली तपासणीला निघतात.

मार्चअखेर थोडा माल उरलाच तर विभागाला लेखी कळवून तो घाऊक विक्रेत्याला, कागदावर आणि आयडीवर दोन्हीकडे, परत करा. तुमचा आयडी सुरू झाला की तोच माल रीतसर परत घ्या. हमाली दोनदा लागते, लागू दे.

१ एप्रिलची तारीख बरोबर आहे, कारण तेव्हा गोदाम वर्षातलं सर्वात रिकामं असतं. पण कंपन्यांच्या वार्षिक स्कीमच्या (वर्षभराच्या उलाढालीवर मिळणारी सूट) क्रेडिट नोटा मार्चनंतर निघतात. वडिलांच्या उलाढालीवरची स्कीम त्यांच्याच खात्यावर येणार आणि तोवर त्यांचा जीएसटी नंबर रद्द झालेला असला तर कंपनीचा हिशेब विभाग हात वर करतो. फेब्रुवारीतच प्रत्येक कंपनीकडून लिहून घ्या: मार्चअखेरची स्कीम किती, कधी आणि कोणत्या खात्यावर. गेल्या खरिपाच्या बियाण्याचा परतावा आतापर्यंत जमा झाला असेलच. नसेल तर आत्ताच मागे लागा, बियाण्याची वैधता पहिल्यांदा नऊच महिने असते, नंतर पोती परत घ्यायला कुणी गाडी पाठवत नाही.

परवान्याचे अर्ज डिसेंबरात टाका. त्रुटी निघतातच, बहुतेक वेळा गोदामाचं भाडेपत्र किंवा एखाद्या कंपनीचं मुदत संपलेलं उगमपत्र. नवे परवाने आले तरी वडिलांचे लगेच परत करू नका. ३१ मार्चला शेवटचा साठा नोंदवून, साठा रजिस्टरवर वडिलांची सही आणि तारीख घेऊन, मग परत करा आणि पोच घ्या. नव्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर आरंभीची शिल्लक लिहिताना लॉट क्रमांक आणि मुदतीची तारीख प्रत्येक औषधाची वेगळी. "कीटकनाशके एकूण ११ लाख" अशी एका ओळीत लिहिलेली शिल्लक निरीक्षक मान्य करत नाही.

आणि दर्शनी फलकावर परवाना क्रमांक बदलून घ्या. साठा-भावफलकावर जुना क्रमांक राहिल्याने पहिल्याच भेटीत नोटीस लागते, इतकं सगळं करून.